खंड न पडता

‘विलीन’ हा शब्द आपल्याकडे फार उंचावरून खाली आला आहे. जीव ब्रह्मात विलीन व्हायचा, नदी सागरात व्हायची. कीर्तनकाराच्या तोंडी हा शब्द आला की ऐकणारा डोळे मिटून घेई. पुढे १९४८ साल उजाडले आणि आमच्या बाजूची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. ८ मार्चला दक्षिणेतील संस्थाने, आणि पुढल्या वर्षी १ मार्चला कोल्हापूर. त्या विलीनीकरणात मात्र कोणी डोळे मिटून बसले नव्हते. तनखा किती, कोणता वाडा खाजगी आणि कोणता सरकारी, याच्या याद्या झाल्या आणि त्यांच्याखाली सह्या झाल्या. ते तनखेही पुढे १९७१ च्या घटनादुरुस्तीने गेले, ती गोष्ट वेगळी. आता हा शब्द कंपन्यांच्या वाट्याला आला आहे. वर्तमानपत्राच्या व्यापारी पानावर रोज कोणीतरी कोणात तरी विलीन होत असते. त्या चार ओळींच्या बातमीमागे वकिलांची एक फौज रात्री जागवीत असते, याची कल्पना मला गेल्या वर्षापर्यंत नव्हती.

ती असण्याचे तसे कारणही नव्हते. मी बार्शीचा एक शाळामास्तर. शिक्षण दहावीपर्यंतचे, जुन्या लोकांच्या भाषेत मॅट्रिक. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि त्या वाचणारे लोक मला रस्त्यात भेटले तर ‘सध्या काय करता?’ असे विचारतात. पण मला मोडी येते. लहानपणी शेजारच्या एका म्हाताऱ्या कारकुनांनी ती हौसेने शिकवली, आणि तिच्याच आधाराने मी या मोठ्या लोकांच्या व्यवहारात शिरलो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी मुंबईला फोर्टात एका वकिलांच्या कचेरीत आहे. एके दिवशी तिचा दूरध्वनी आला.

“सर, मोडी अजून येते ना तुम्हांला?”

“येते. का ग? प्रेमपत्र सापडले की काय कोणाचे?”

“खरेदीखत सापडलंय. १९३७ सालचं. आमच्या अशिलाला तुमच्याकडची एक डाळ मिल घ्यायचीय, आणि जमिनीचा मूळ कागदच आम्हांला कोणाला वाचता येत नाही.”

पुढे महिनाभर ती येत-जात राहिली, आणि मी तिच्या कागदांत नाक खुपसत राहिलो. मोडी वाचण्याचे काम तसे दोन दिवसांचे. उरलेले दिवस केवळ माझ्या कुतूहलाचे. तिनेही ते मनावर घेतले. शाळेत मी तिला पुष्कळ नको ते शिकवले होते, त्याची तिने सव्याज परतफेड केली.

एक कंपनी दुसरीला घेते याचे, तिने सांगितले, मुख्य रस्ते तीन. पहिला भाग-खरेदीचा. मालकाचे भाग म्हणजे शेअर विकत घ्यायचे. कंपनी आहे तीच राहते, फक्त गादीवरचा माणूस बदलतो. आणि म्हणून कंपनीची जुनी देणी, जुने दावे, जुनी पापे सगळी तिच्याबरोबर येतात. दुसरा रस्ता नुसता धंदा उचलण्याचा. जमीन, यंत्रे, नाव, गिऱ्हाइके एकगठ्ठा घ्यायची आणि जुनी कंपनी रिकाम्या डब्यासारखी मालकाकडे ठेवायची. तिसरा खऱ्या विलीनीकरणाचा. त्याला २०१३ च्या कंपनी कायद्याची २३० ते २३२ ही कलमे लागतात. योजना लिहायची, भागधारकांच्या आणि धनकोंच्या सभा घ्यायच्या, मत देणाऱ्यांत संख्येने बहुमत आणि मूल्याने तीन-चतुर्थांश अनुकूल असावे लागतात, मग न्यायाधिकरणापुढे जायचे. पूर्वी हे काम उच्च न्यायालये करीत; २०१६ च्या डिसेंबरपासून राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण करते. हुकूम झाला की जी कंपनी विलीन झाली ती ‘अवसायनाशिवाय विसर्जित’ होते. हे शब्द मी दोनदा वाचले. तिरडी नाही, दहावे-बारावे नाही. काल होती, आज नाही. फार मोठे व्यवहार असले तर वर स्पर्धा आयोगाची परवानगी, आणि बाजारात नोंदलेल्या कंपनीचे पंचवीस टक्के भाग एका हाती जाऊ लागले की बाकीच्या भागधारकांसाठी आणखी किमान सव्वीस टक्क्यांची खुली मागणी, अशी माळ पुढे लांबत जाते. डाळ मिलला यांतले काही लागणार नव्हते, म्हणून मीही तिथे फार रेंगाळलो नाही.

मला मौज वाटली ती त्यांच्या कामाच्या क्रमाची. आधी गुप्ततेचा करार. मुलगी दाखवायच्या आधीच गावात बोभाटा नको, तसे. मग ढोबळ अटींचा एक कागद. तिने त्याचे इंग्रजी नाव सांगितले तेव्हा मी म्हटले, “अग, या आपल्या याद्या!” आपल्याकडे लग्नाआधी याद्या करतात. मानपान किती, कपडे कोणी करायचे, वऱ्हाडाच्या गाडीभाड्याचे काय. दोन्हीकडचे वडीलधारे खाली सह्या करतात, त्यावर सुपारी फुटते. आज ज्यांचे गोड आहे त्यांनीच, गोड असतानाच, उद्याच्या भांडणाचा विचार करून ठेवायचा. कंपनीच्या याद्यांत फरक इतकाच की सुपारी फुटल्यावरही खरी तपासणी सुरू व्हायचीच असते.

ही तपासणी म्हणजे कसोशीने केलेली उलटतपासणीच. पूर्वी म्हणे एका खोलीत कागदांची कपाटे भरून ठेवीत आणि पहारेकरी बसवीत. आता ती खोली संगणकावर असते, आणि कोण कोणता कागद किती वाजता उघडून पाहून गेला त्याची नोंदही ठेवते. कंपनी निबंधकाकडची विवरणे, बँकेच्या बोजांची नोंद, तीस वर्षांचा जमिनीचा शोध, सातबारा, कारखान्याचा परवाना, भविष्यनिर्वाह निधीची चलने, कोर्टातले दावे, मोठ्या गिऱ्हाइकांशी झालेले करार. त्या करारांत ‘मालक बदलला तर हा करार आम्ही मोडू शकतो’ असे कलम कुठे दडले आहे का, हेही पाहायचे. आमच्या वर्गात वह्या तपासण्याचा मला कंटाळा. ही मुलगी असल्या हजार वह्या तपासते आणि समासात तांबड्याने लिहिते. मला उगीचच अभिमान वाटला.

त्या १९३७ च्या खतात एक विहीर निघाली. विकणाऱ्याने जमीन दिली होती, पण शेजारच्या वस्तीला त्या विहिरीवर पाणी भरायला येण्याची वहिवाट राखून ठेवली होती. ‘पिढ्यान्‌पिढ्या, हरकत न घेता’ असे शब्द होते. सातबाऱ्यावर तिचा मागमूस नव्हता. घेणाऱ्या कंपनीच्या नकाशात बरोबर त्याच जागी भिंत आखलेली. मी वाचून दाखवले तेव्हा मुलीने कपाळाला हात लावला नाही, की तिला आनंदही झाला नाही. तिने फक्त विचारले, “सर, ‘हरकत न घेता’ की ‘हरकत न येता’?” मी भिंग घेऊन पुन्हा पाहिले. ‘घेता’च होते. तिने तसे टिपून घेतले.

कादंबरीकाराला या साऱ्यात हेवा वाटावा असा एक प्रकार आहे. विकणाऱ्याला एक लांबलचक निवेदन करून द्यावे लागते: माझ्यावर अमुक देणे नाही, तमुक दावा नाही, माझ्या हिशेबात खोट नाही, माझ्या नोकरांची यादी पूर्ण आणि खरी आहे. अशी शेकडो वाक्ये. यांना हमी म्हणतात. आणि यांतले जे वाक्य खरे नसेल त्यापुढे वेगळ्या पत्रात कबुली द्यायची: ‘हे सोडून’. कबूल केले त्याबद्दल घेणारा मागाहून भरपाई मागू शकत नाही. लपवले ते मात्र पुढे निघाले तर व्याजासकट वसूल. मी चार कादंबऱ्यांत पात्रांकडून खरे वदवून घेण्यासाठी पावसाळी रात्री, आजारपणे, मृत्युशय्या अशी पुष्कळ सामग्री खर्ची घातली आहे. इथे एका परिशिष्टात काम होते!

पण एक प्रश्न मला पहिल्या दिवसापासून टोचत होता. तो मी जरा उशिराच विचारला.

“आणि कामगारांचे काय ग?”

“भाग-खरेदी आहे सर. मालक कंपनीच, ती बदलत नाही. त्यांची नोकरी आपोआप चालू राहते. यादी बरोबर असली म्हणजे झालं.”

‘आपोआप’ या शब्दावर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. माझे वडील १९७२ साली एका तेलाच्या घाण्यावर लागले. गिरणी म्हणावी एवढी ती मोठी नव्हती आणि घाणा म्हणावी इतकी लहानही नव्हती. १९८९ साली मालकांनी ती विकली. जुना मालक भला माणूस. त्याने सर्वांना अंगणात बोलावले, पेढे दिले आणि सांगितले, “तुम्ही आहात तसेच राहाल, माझा शब्द आहे.” नव्या मालकानेही मान हलवली. कोणाचा वकील तिथे नव्हता. असता तर लोकांना तो अपशकुन वाटला असता. आठवड्याने सगळ्यांना नवी नेमणूकपत्रे मिळाली आणि सगळ्यांनी ती आनंदाने सही करून घेतली. वडील २००३ साली निवृत्त झाले तेव्हा उपदानाचा हिशेब आला तो चौदा वर्षांचा. दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, हा १९७२ च्या कायद्याचा दर. सतरा वर्षे त्यातून अशीच गळून पडली. जुना मालक तोवर वारला होता. नव्याने नेमणूकपत्र पुढे केले. वडिलांनी ते घरी आणून मला वाचायला दिले. त्यात वाईट असे एकही वाक्य नव्हते. फक्त ‘आपली नेमणूक आजपासून’ असे होते.

ही गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सर, यावरचं सगळं कायद्याचं प्रकरण तुमच्या बार्शीचंच आहे, माहीत आहे तुम्हांला?”

बार्शी लाईट! आमच्या गावाला दुसऱ्या कशानेही मिळाली नसेल एवढी कीर्ती या अडीच फुटी रुळांच्या गाडीने मिळवून दिली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने ती उभी केली. १८९७ साली ती कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावू लागली, पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरज गाठून वारकरी वाहू लागली. तिच्यावरचे विनोद मी लहानपणी पुष्कळ ऐकले आहेत. ते आता पुरे. विनोदात न येणारी गोष्ट अशी की ही गाडी एका खाजगी कंपनीची होती, आणि १९५४ च्या १ जानेवारीला ती सरकारने घेतली. त्याआधी नोव्हेंबरात कंपनीने सर्व कामगारांना नोटीस दिली: ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर आपली नोकरी संपली. बहुतेकांना सरकारी रेल्वेने पुन्हा घेतले. म्हणजे माणूस तोच, रूळ तेच, शिट्टी तीच. फक्त एका रात्रीपुरता तो कोणाचाच नोकर नव्हता. जुनी नोकरी संपवली त्याची भरपाई द्या, असे कामगारांच्या संघटनेचे म्हणणे. मुंबईच्या उच्च न्यायालयाने ते मानले. सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९५६ रोजी ते फिरवले: कपात म्हणजे चालू धंद्यातले जादा लोक कमी करणे, धंदाच दुसऱ्याच्या हाती गेला तर ती कपात नव्हे, आणि म्हणून तिची भरपाईही नाही.

निकाल तर्काला धरून होता, आणि त्यामुळेच तो फार बोचला. लगेच १९५७ साली कायदा बदलला. धंदा दुसऱ्याच्या हाती गेला तर कामगारांना कपातीप्रमाणेच नोटीस आणि भरपाई. ती टाळायची असेल तर तीन गोष्टी हव्यात. नोकरीत खंड पडता कामा नये, नव्या अटी जुन्यांहून कमी असता कामा नयेत, आणि पुढे कधी कपात झालीच तर नव्या मालकाने जुन्या वर्षांसकट हिशेब केला पाहिजे. २०२५ च्या नोव्हेंबरात १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा जाऊन नवी संहिता आली. तिनेही ही तरतूद ठेवली आहे. ही दुरुस्ती लागू केली ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून! ज्यांच्यामुळे ती झाली त्या बार्शी लाईटच्या माणसांच्या हाती तिच्यातले काही पडले नाही. आणि वडिलांनी १९८९ साली ते पत्र घेतले तेव्हा हे कलम बत्तीस वर्षांचे होते, आमच्याच गावात जन्मलेले होते. पण अंगणातल्या त्या पेढ्यांच्या समारंभात त्याला कोणी बोलावले नव्हते.

जिथे वकील होते तिथे काय झाले, तेही तिने मला दाखवले. टाटा ऑइल मिल्स ही १९१७ ची कंपनी. आमच्या घरातला हमाम साबण तिचा. १९९३ साली ती हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करण्याची योजना निघाली. पंधरा भागांना लिव्हरचे दोन, असे प्रमाण ठरले. त्याविरुद्ध जे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले त्यांत खुद्द लिव्हरच्याच कामगारांची संघटना होती. १९९४ साली न्यायालयाने योजना उचलून धरली. तज्ज्ञांनी काढलेले आणि भागधारकांनी मानलेले गणित आम्ही पुन्हा सोडवत बसणार नाही, असा त्याचा सूर होता. (या विलीनीकरणाच्या हुकमावर मुद्रांकशुल्क द्यायचे की नाही हा तंटा त्यानंतरही चालू होता, आणि २००३ साली सरकार जिंकले.) पण त्या योजनेत एक कलम होते, ते मी तिच्या संगणकावर वाचले. टाटा ऑइलचे सर्व कामगार लिव्हरचे कामगार होतील, सेवेत खंड न पडता, आणि आहेत त्याहून कमी नसलेल्या अटींवर. कोणी मोठ्या मनाने ते घातले, की कोर्टात जायचे आहे म्हणून घातले, हे मला कळण्यासारखे नाही. वाचताना मला त्याची फिकीरही नव्हती. एवढेच चार शब्द १९८९ साली कोणीतरी टंकलिहून दिले असते तर!

आता डाळ मिलची गोष्ट. हमीपत्रावर सही करायचा दिवस आला. तीन भावांतले थोरले गृहस्थ, सत्तरीचे, पांढरी टोपी, शांत. त्यांनी साऱ्या हमी एकेक करून ऐकून घेतल्या. इंग्रजी कागद, म्हणून मुलगी वाक्य वाचायची आणि मी मराठीत सांगायचो. विहिरीची कबुली पत्रात आली होतीच. भिंतही नकाशात हलली होती. मग ते वाक्य आले: सोबतच्या यादीत कंपनीच्या सर्व कामगारांची नावे व नेमणुकीच्या तारखा खऱ्या आणि पूर्ण आहेत.

मी ते सांगितले. अण्णांनी लेखणी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

“यात अकरा माणसं नाहीत,” ते म्हणाले.

धाकटा भाऊ म्हणाला, “अण्णा, ती ठेकेदाराची माणसं आहेत.”

“ठेकेदार कुठं आहे? कागदावर आहे. माणसं आपल्या यंत्रावर आहेत. एकजण तर बाबांच्या वेळेपासून आहे.” मग तिच्याकडे वळून, “हे लिहिलं नाही तर काय होईल, बाई?”

तिने सरळ सांगितले. पुढे ही माणसे उभी राहिली, त्यांच्या निधीची थकबाकी निघाली, तर तुमच्या किमतीतून वसूल होईल. तुम्ही नसाल तर तुमच्या मुलांकडून. अण्णांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “मग लिहा.”

त्या दिवशी सही झाली नाही. घेणाऱ्यांची माणसे संतापली, किंमत खाली आली, काही रक्कम तिसऱ्याच्या हाती अडकवून ठेवायची ठरली. तीन आठवड्यांनी नवी यादी झाली. तिच्यात ती अकरा नावे आली, प्रत्येकापुढे तो खरोखर कामावर लागला ती तारीख घालून. यासाठी अण्णांनी घरच्या जुन्या वह्या काढल्या. त्यांत रोजाचे पैसे दिल्याच्या नोंदी होत्या.

मी तिला म्हटले, “फार मोठे काम केलेस ग.”

ती चटकन म्हणाली, “सर, तसं म्हणू नका. मी घेणाऱ्याची वकील आहे. त्या अकरा जणांचा माझ्याशी काही संबंध नाही. न सांगितलेला बोजा माझ्या अशिलाच्या गळ्यात पडू नये म्हणून ते वाक्य असतं.”

तिचे म्हणणे खरे होते, आणि ते तिने लपवले नाही याचे मला बरे वाटले. त्या खोलीत त्या अकरा जणांचा वकील कोणी नव्हताच. अंगणातही नव्हता. पण अंगणात तो प्रश्न कोणी कोणाला विचारला नव्हता, आणि इथे मोबदला घेऊन का होईना, एका माणसाने दुसऱ्या माणसापुढे तो लेखी ठेवला होता. जुन्या मालकाला कोणी अशी यादी पुढे करून ‘खरी आणि पूर्ण?’ असे विचारले असते तर त्याने खोटे सांगितले असते असे मला वाटत नाही. वडिलांनाही वाटत नसे. ते अखेरपर्यंत त्याला भला माणूसच म्हणत.

मोडी वाचल्याचे पैसे मला त्या कचेरीने पाठवले. त्यातून आयकर रीतसर कापून घेतला होता. जाण्यापूर्वी मुलीने ती नवी यादी माझ्यापुढे ठेवली. “नावं तेवढी बघा सर. आधारशी जुळली नाहीत तर निधी अडकून बसतो.” मी तांबडी लेखणी घेऊन बसलो. यादी इंग्रजीतून मराठीत आलेली, म्हणून व्हायचे ते झाले होतेच. नवव्या नावात ‘ळ’चा ‘ल’ पडला होता. तो मी दुरुस्त केला.